आहे तशी घेऊन या

त्या मंगळवारी सकाळी मी नळाचं पाणी भरलं, स्टोव्हवर हंडा ठेवला आणि सुमनला न्हाऊ घातलं. सहा वर्षांची पोर. तिचे केस उदाच्या धुरावर वाळवले, पावडर लावली, इस्त्रीचा फ्रॉक घातला आणि खोकल्याचं औषध दोन चमचे पाजलं. डॉक्टरांकडे जायचं म्हणजे पोर नीटनेटकी दिसावी, चार लोकांत खोकू नये, एवढंच मला कळत होतं. हैदराबादेत आम्ही गौलीगुड्याला राहत होतो, तिथून रिक्षाने नारायणगुड्याला गेलो. डॉ. शरयूबाईंची आणि माझी ओळख त्या दिवसाची. यंदा बाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत.

तेव्हा माझे यजमान जाऊन वर्ष झालं होतं. मी कोठीला एसटीडी बूथवर बसत होते. सुमनचा पहाटेचा खोकला हटत नव्हता, शाळा बुडत होती. नांदेडकडच्या गावाहून दिरांनी कळवलं होतं, एकटीने तुमच्याकडून होणार नाही, पोरीला इकडे आणतो. गुरुवारी ते तिला न्यायला येणार होते आणि मला नाही म्हणायला तोंड नव्हतं.

बाईंनी सुमनची छाती तपासली. काहीच ऐकू येईना. दवाखान्यातल्या मस्तानबी म्हणाल्या, "क्या अम्मा, बच्ची को शादी में लेके जा रे क्या?" मी मान खाली घातली. बाई हसल्या नाहीत.

"ही तर बरी मुलगी आणलीत," त्या म्हणाल्या. "आजारी आहे ती कुठे ठेवलीत? उद्या उठल्या उठल्या, आहे तशी घेऊन या. तोंडसुद्धा धुऊ नका."

दवाखाना दहाला उघडायचा. बुधवारी बाई माझ्यासाठी सातला येऊन बसल्या होत्या. विस्कटलेल्या केसांची, श्वासाला शिटी वाजणारी सुमन त्यांनी नीट तपासली. मग मला म्हणाल्या, घरात रोज काय काय करता ते क्रमाने सांगा. मी चार वेळा "काही विशेष नाही" म्हटलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि वाट पाहिली. पाणी, स्टोव्ह, न्हाणं असं सांगता सांगता उद आला. यजमान गेल्यापासून मी सांजसकाळ त्यांच्या फोटोपुढे उद जाळत होते. खोली एक, खिडकी एक.

बाई म्हणाल्या, "धुराने हिचा श्वास अडतो. उदाऐवजी फूल ठेवलं तर चालेल का त्यांना?"

"चालेल," मी म्हटलं. त्यांना काय चालेल, हे ते गेल्यावर मला कुणी विचारलं नव्हतं.

बाईंनी दम्यासाठी ओढायचा पंप दिला, सुमनकडून तिथेच चारदा ओढून घेतला. पोर तुमच्या हाताखाली नीट वाढेल, म्हणाल्या. निघताना एक कोरा कागद दिला. विचारायचं ते घरी आठवेल तसं लिहून आणा. माझी शाळा चौथीपर्यंतची, अक्षर वेडंवाकडं. तरी माझा प्रत्येक कागद बाईंनी फाइलला लावून ठेवला. पंपाची सवय लागते का, हा पहिला प्रश्न. पुढे त्या दवाखान्यातल्या बाकावरची पुस्तकं घरी न्यायला देऊ लागल्या. आवडलं नाही तर तेही सांगायचं, अशी अट होती. मला वाचायची गोडी लागली ती अशी.

त्या वर्षांत शहरात काचेच्या दारांची मोठाली रुग्णालयं निघाली. बाईंना तिकडून बोलावणी आली, पण त्या आपल्या दोन खोल्यांतच राहिल्या. एकदा मी कारण विचारलं. म्हणाल्या, "तिथे एका मुलाला दहा मिनिटं. तुमची तर 'काही विशेष नाही' म्हणण्यातच जातात."

बाईंनी अजून पुष्कळ वर्षं त्या खुर्चीत बसावं. आता गुडघे दुखतात, तर त्यांनीही वेळेवर आपल्या डॉक्टरांकडे जावं आणि दुखतं ते सगळं सांगावं, एवढं माझं मागणं आहे.

दिरांचं मी बाईंना कधी सांगितलं नाही, ते इथे लिहिते. पंप मिळाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी ते आले. मी त्यांना पोहे करून दिले, सुमन माझ्याकडेच राहील असं सांगितलं, आणि तिला शाळेत सोडून बूथवर गेले.