विडीचं घड्याळ

मुळशीच्या तलावावर कयाक विकणारा तो माणूस घड्याळ वापरत नसे. आपण कयाक आजमावायला फेरीवर निघालो की विडी पेटवायचा आणि परतल्यावर किती उरली ते दाखवायचा.

साठीत मला शर्यतीची हौस आली. अरुंद, वेगवान कयाक हवी होती. तिच्यातून एकदा पाण्यात पडून निथळत परतलो, तर विडी संपलेली.

"बोट लई पळती काका, पन तुमी तिला सावरन्यातच दमताय."

मग त्यानं जरा रुंद कयाक दिली. परतलो, तर अर्धी विडी शिल्लक!

"हीच बोट घ्या."

मी खुशीत ती विडी हातात घेतली. न ओढल्यामुळे ती केव्हाच विझून गार पडली होती. तो तलावाकडे बघत राहिला.

मी रुंदच घेतली. शर्यतीत शेवटून दुसरा आलो, पण कोरडा.