हातोडी खालीच राहिली

नव्वदचं दशक संपत आलं होतं. जुन्नरला एसटीतून उतरून आम्ही तिघं जीपने घाटघरकडे निघालो. तिघं म्हणजे मी, आम्हाला चढाई शिकवणारा दादा आणि कॉलेजातला एक मित्र. मी जुन्नर तालुक्यातल्या आळ्याची. माझ्याच तालुक्यातला कातळ चढायला निघाले होते आणि घरी कुणाला पत्ता नव्हता.

तोवर मी कायम दुसऱ्याने वर लावलेल्या दोरावर चढले होते. दोर वरून असला की माणूस पडून पडतं किती, तर वीतभर. लीड म्हणजे सगळ्यांच्या आधी जायचं. कातळाच्या भेगेत मेख ठोकायची, तिच्यात दोर अडकवायचा, मग पुढे. मेख नसेल तर कमरेचा दोर म्हणजे नुसती शेपटी, पडलं की थेट जमीन. त्या दिवशी लीड माझं होतं. हट्टानं मागून घेतलं होतं.

आमची एक रीत होती. पायथ्याचा नारळ चढणाऱ्याने फोडायचा नाही, त्याचा दोर धरणाऱ्याने फोडायचा. दोर मित्र धरणार होता. त्या शहाण्याला दगडावर आपटलेला नारळ चालत नसे, बरोब्बर दोन भकलं व्हायला हवीत. माझ्या कमरेची हातोडी काढून घेऊन त्याने नारळ फिरवत टकटक केलं, भकलं मांडली, नारळाला कुंकू लावलं, हातोडीलाही लावलं. मी पाया पडले आणि निघाले.

सुरुवातीचा टप्पा सोपा, तिथे मेख नको, असं दादानेच सांगितलं होतं. मी चांगली चार मजले वर गेले. तिथे मनासारखी भेग मिळाली. मेख काढून खोचली, हात कमरेकडे नेला. हातोडी नव्हती.

भीती नंतर वाटली, आधी डोकं फिरलं. खाली पाहिलं तर मित्र कुंकू लावलेली हातोडी हातात धरून उभा.

उतरता येईना. चढताना जिथे पाय ठेवला ती जागा उतरताना दिसतच नाही. वर जायचं तर सगळं गुळगुळीत. उजवा पाय एका खाचेत, डावा असून नसल्यासारखा, आणि पोटरी लटपटायला लागलेली. मी तिला मनातल्या मनात दम भरला. ती कुठली ऐकते.

वारा पडलेला होता, खालचं सगळं ऐकू येत होतं. गवताचा भारा घेऊन चाललेली एक मावशी थांबली आणि म्हणाली, "ए बाय, खाली ये की. लई वर गेलीस." दादाने तिला सांगितलं की मला खाली येता येत नाही. मावशीने भारा उतरवला आणि तिथेच बसली. मित्राला काय सुचलं कोण जाणे, त्याने तिच्यापुढे खोबरं धरलं.

"आदी पोरगी सुटू दे," ती म्हणाली.

दादाने हातोडी माझ्याच दोराला अडकवली आणि ओढ म्हणाला. ओढायला दोन हात लागतात. माझा एक कातळाला चिकटलेला. मग तो म्हणाला, दातात धर. हातभर दोर ओढायचा, दातात धरायचा, हात पुन्हा खाली न्यायचा. तोंडात माती, जबडा भरून आलेला. आणि मध्येच हातोडी कुठल्याशा झुडपात अडकली. दोर येईना, दातात तो असल्यामुळे ओरडताही येईना. आता मी मरते, हे मला स्पष्ट कळलं. आणि गावात लोक काय म्हणतील तेही ऐकू आलं, पोरीच्या जातीला कशाला हवेत असले धंदे. अस्सा संताप आला. दोराला हिसडा मारला. हातोडी झुडपातून सुटली आणि वर आली.

मेख नीट बसत असली की घावागणिक तिचा आवाज चढत जातो. माझी चढत गेली. दोर तिच्यात अडकवला, खाली मित्राने ताणून धरला, आणि इतक्या वेळात तो पहिल्यांदा बोलला.

"पड आता खुशाल."

त्याहून मायेचं मला अजूनपर्यंत कुणी काही बोललेलं नाही. मी कातळाला कपाळ टेकून ढसाढसा रडले, आणि रडून झाल्यावर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दादाने विचारलं, उतरवू का. आता उतरता येत होतं. म्हणूनच नको म्हणाले आणि वर गेले.

माथ्यावरून वाकून पाहिलं. मावशी भाऱ्याला टेकून खोबरं खात होती.