लेकीला ‘येऊ नको’ म्हटलं ते वर्ष

आमच्या अंगणवाडीत जंताच्या गोळीचा दिवस असतो, तेव्हा मी लेकरांना रांगेत बसवते आणि एकेकाच्या हातावर गोळी ठेवून ती चावून संपेपर्यंत समोर उभी राहते. आमचं गाव लहान, हिंगोलीकडच्या गोरेगावपासून जीपने अर्ध्या तासावर. त्या वर्षी भर पावसाळ्यात हा दिवस आला आणि माझंच पोट महिनाभरापासून बिघडलेलं होतं. सकाळपासून चार वेळा जाऊन आले होते. मदतनीस मावशी लेकरांची तोंडं पुसता पुसता माझ्याकडे बघत म्हणाल्या, “बाई, काहून एवढ्या वाळून राहिल्या तुमी? दाखवा की कुठं.”

“पावसाचं पाणी बाधलं असंल,” मी म्हणाले. उरलेल्यातली एक गोळी घरी नेऊन मी चावून खाल्ली. काही फरक पडला नाही.

दवाखान्याचं नाव निघालं की मी विषय बदलायचे. मला एचआयव्ही आहे. नवरा त्यातच गेला. तेव्हा लेक सात वर्षांची होती. तिची तपासणी केली, तिला काही नव्हतं. त्या दिवशी मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले आणि ठरवलं, ही गोष्ट आता कुणाला कळू द्यायची नाही, लेकीलाही नाही. अंगणवाडीत लेकरं माझ्या हातून खातात. गावाला कळलं तर कोण पाठवेल? दर महिन्याला मिटिंग आहे म्हणून हिंगोलीला जायचे, गोळ्या आणायचे आणि तुरीच्या डाळीखाली लपवायचे. अशी वर्षं काढली.

मग लेकीचं लग्न झालं. घर पाहुण्यांनी भरलं. स्वयंपाकघरात सतत कुणीतरी असायचं, त्यामुळे डबा उघडता येईना. आठ-दहा दिवस गोळ्या चुकल्या. पाहुणे गेल्यावर पाहिलं, तर मला काहीच झालेलं नव्हतं. उलट बरं वाटत होतं. म्हटलं, राहू दे थोडे दिवस. त्या थोड्या दिवसांचं वर्ष झालं. दवाखान्यातून फोन यायचे. मी नंबर ओळखायचे आणि उचलायचे नाही.

गणपती उठले तरी पोट थांबेना. नुसतं पाणी. मेडिकलमधून गोळी आणली की एक दिवस थांबायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ब्लाउज खांद्यावरून घसरायला लागले. कुणाच्या घरी जाणं सोडलं, कारण मध्येच उठावं लागायचं. जीपमध्ये बसायची भीती वाटायची. अंगणवाडी सुटली की घरी येऊन दार लावायचे आणि कॉटवर पडून राहायचे. शेजारी सोयाबीनची मळणी चालायची, बायका हाका मारायच्या, मी ओ द्यायचे नाही. मला खात्री होती, आता माझीही पाळी आली; नवऱ्याचंही असंच सुरू झालं होतं.

लेक जवळा बाजारला दिलेली. तिला आठवा संपत आला, तेव्हा तिचा फोन आला.

“माय, घ्यायला कवा येतीस?”

पहिलं बाळंतपण. ते आईच्या घरीच व्हायचं असतं. तिच्यासाठी मी मऊ लुगड्यांची दुपटी शिवून ठेवली होती. पण दिवसातून आठ-आठ वेळा जाणारी मी, हा आजार, आणि त्यात कोवळा जीव. माझ्या हातून त्याला काही झालं असतं तर?

“तिकडंच राहा गं,” मी म्हणाले. “तिकडं दवाखाना जवळ हाय. माझ्याच्यानं यंदा व्हायचं न्हाई.”

ती म्हणाली, “बरं,” आणि फोन ठेवला. दुपटी मी एसटीने जाणाऱ्या एका बाईच्या हाती पाठवून दिली. दिवाळीच्या आधी मुलगी झाल्याचं जावयाने कळवलं. लेक फोनवर आली नाही.

त्यानंतर आठवड्याभरात मी अंगणवाडीतच चक्कर येऊन पडले. मावशींनी तोंडावर पाणी मारलं. दुसऱ्या दिवशी मी एकटीच हिंगोलीला गेले. तिथल्या दवाखान्यात गोळ्या देणाऱ्या मॅडमना सगळं खरं सांगितलं, गोळ्या वर्षभर बंद आहेत तेही. मला वाटलं ओरडतील. त्या म्हणाल्या, “आलात ना? बसा.” रक्त घेतलं. संडासही तपासायला द्यायची होती, तीन वेगवेगळ्या दिवशी. नमुन्याची डबी पिशवीत, पिशवी मांडीवर, आणि जीपमध्ये दोन्ही बाजूंनी माणसं चिकटून बसलेली. एक म्हातारी म्हणाली, “पिशवी लई जपून धरलीय, काय हाय तीत?” मी म्हणाले, “लोणचं.”

पहिल्या दोन वेळा काही सापडलं नाही. तिसऱ्या वेळी तपासणाऱ्या सरांनी मला आत बोलावलं. “नेहमीच्या तपासणीत हा जंतू सहज दिसत नाही, वेगळा रंग घालावा लागतो. बघायचाय?” मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. निळसर पाण्यात लांबट, गुलाबी कण दिसले. दिसायला छान होते. एवढ्याशा त्या कणांनी मला झिजवलं होतं.

डॉक्टर म्हणाले, “हा पोटातला बारीक परजीवी आहे, घाण पाण्यातून येतो. जंताच्या गोळीने जात नाही, त्याचं औषध वेगळं आहे. बरा होतो. पण तुमच्या रोजच्या गोळ्या बंद राहिल्या, तर पुन्हा येईल.”

मी विचारलं, “लहान लेकराला जवळ घेतलं तर?”

“हात साबणाने धुवा, पाणी उकळून प्या. जवळ घेतल्याने काही होत नाही.”

बाहेर येऊन मी बाकावर बसले. बरी होणार, याचा आनंद व्हायला पाहिजे होता. पण एवढंच कुणाला आधी विचारलं असतं, तर लेक माझ्या घरी बाळंत झाली असती, हेच डोक्यात फिरत राहिलं.

औषध सुरू झालं आणि आठ-दहा दिवसांत पोट थांबलं. रोजच्या गोळ्या पुन्हा सुरू केल्या. अंगात जरा ताकद आल्यावर, होळीच्या आधी हळद शिजवायच्या दिवसांत, मी जवळा बाजारला गेले. लेक दारात आली नाही. विहीणबाईंनी पाणी दिलं. मी आधी मोरीवर जाऊन हात धुतले, पुन्हा धुतले.

“आता सवड झाली?” लेक म्हणाली.

“पोटात जंतू झाले होते. लई महिने उठवतच नव्हतं.”

“मंग सांगायचं न्हाई का? मला वाटलं, तुला नकोच मी.” तिचा आवाज फाटला. थोड्या वेळाने तिने मुलगी माझ्या मांडीवर ठेवली. ती अनोळखी बाईकडे बघावं तशी माझ्याकडे बघत होती. मग रडायला लागली आणि आईने घेतल्यावरच थांबली.

“आठ दिवस राहा,” लेक म्हणाली. मी दोनच दिवसांच्या गोळ्या नेल्या होत्या. अंगणवाडीचं कारण सांगून तिसऱ्या दिवशी निघाले. निघायच्या आदल्या दिवशी मात्र नात माझ्याकडे न रडता राहिली होती.

परत कामावर गेले, तेव्हा मावशींनी विचारलं, “कशी हाय नात?” मी त्यांना तिच्या जावळापासून पायाच्या बोटांपर्यंत सगळं सांगितलं, मग पुन्हा सांगितलं. त्या हसत ऐकत होत्या. त्या वर्षातलं कुणाला सांगता येईल असं माझ्याकडे तेवढंच होतं.