मनोऱ्यातली पत्र्याची टोपी

पूर्व जर्मनीतल्या थुरिंगियात, एका नायलॉनच्या कारखान्यात हेडविग आइखहॉर्न नऊ वर्षं धुलाईच्या मनोऱ्यावर होती. वरून नायलॉनचे दाणे पडत, खालून कढत पाणी चढे आणि दाण्यांत उरलेला कच्चा माल धुऊन निघे. निदान निघायला हवा. निम्मे दाणे कच्चेच बाहेर येत, पुढे धागा तुटे आणि बोलणी हेडविगला बसत.

एके सकाळी तिने मूठभर काळे दाणे मधोमध टाकले, मूठभर लाल कडेला. काळे दोन तासांत खाली आले, लाल दुसऱ्या दिवशी. म्हणजे मधले धावत सुटतात, न धुताच! ती तडक पत्रेकाम करणाऱ्या विली लोत्सेकडे गेली.

"विली, एक टोपी करून दे. माणूसभर रुंद, टोक वर."

"एवढं मोठं डोकं कुणाचं गं?"

"मनोऱ्याचं. मधल्या दाण्यांची वाट अडवायचीय."

पहिली टोपी कलंडली, दुसरीने पाणीच अडवलं. मग विलीने स्वतःचं डोकं चालवून तिला बारीक भोकं पाडली, तीन पाय लावले. तिसरी बसली आणि दाणे एकसारखे स्वच्छ येऊ लागले.

वसंतात सूचनाफलकावर कागद लागला: मनोऱ्यातल्या टोपीच्या नव्या शोधाचं पेटंट, डॉक्टर क्रेट्शमर आणि चार सहकारी. त्यातल्या दोघांनी धुलाईखात्याचं दारही पाहिलेलं नव्हतं. हेडविग ओल्या एप्रननिशी वर क्रेट्शमरांच्या ऑफिसात गेली.

"आइखहॉर्नबाई, शोध सगळ्यांचा असतो," क्रेट्शमर म्हणाले. "आपल्याकडे मी-माझं चालत नाही."

"मग तुमचं नाव पहिलं कसं चाललं?"

"त्यामागचं गणित आम्ही मांडलं."

"मांडलंत ना, टोपी बसल्यावर!"

तिने शिफ्टच्या वहीतली काळ्या-लाल दाण्यांची नोंद उतरवून बर्लिनच्या पेटंट कचेरीला तक्रार धाडली. चौदा महिन्यांनी क्रेट्शमर स्वतः खाली आले, हातात दुरुस्त केलेला कागद. त्यात तिचं नाव होतं.

"इथे सही करा."

तिने दोनदा वाचलं. "विली कुठाय?"

"त्याने फक्त पत्रा कापला."

"आणि तुम्ही फक्त कागद रंगवलात!"

सही तिने केली नाही. हे कळल्यावर विली कानकोंडा झाला. "अगं, सोड ना. मला काय करायचंय पेटंट?"

"तू गप्प बस! तुझ्यासारखे सोडून देतात, म्हणून यांचं फावतं."

दुसरी तक्रार गेली, मग तिसरी. विलीचं नाव लागलं तेव्हा तो निवृत्त होऊन गावी ससे पाळत होता. हेडविग सायकल हाणत कागद घेऊन गेली. त्याने चष्मा लावून आपलं नाव वाचलं, पुन्हा वाचलं आणि कॉफी ठेवायला आत वळला.

"त्या क्रेट्शमरला मधल्या काळात पदक मिळालं, माहितीय?" ती बाहेरूनच ओरडली. "आपल्या टोपीसाठी! ते परत घ्या म्हणून लिहिणार आहे मी. पेन आहे का तुझ्याकडे?"