उजव्या बाजूची खाच

टेबल माझ्यासाठी करायचं ठरलं, आणि ते कसं हवं हे मला कुणी विचारलं नाही.

आमच्याकडे मधपेट्या होतात. देवळ्याकडे, लासलगावकडे कांद्याचं बी धरतात. त्या कांद्याचे डोंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, फुलले की शेतात मधमाश्यांच्या पेट्या ठेवाव्या लागतात. आमचे हे सुतार आहेत, दिवसभर शहरात फर्निचरच्या कामावर असतात. पेट्यांचं काम घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चालतं, ते मी बघते. पेटीच्या आत लाकडी फ्रेमा टांगलेल्या असतात, चार पट्ट्यांची एक फ्रेम. खिळे ठोकणं, गम लावणं, घासणं, सगळं माझं. फक्त कापणं माझं नव्हतं. त्यासाठी यांची वाट बघायची. हे दमून येणार, जेवणार, "उद्या बघू" म्हणणार. मी शेडमध्ये झाडू मारत बसायची आणि रविवारी सगळं एकदम अंगावर यायचं.

शेवटी मी यांना म्हणाले, मला कापू द्या. दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा यांनी ऐकलं.

"टेबलच करू," हे म्हणाले. "खाली कापायची मशीन उलटी बांधायची, वर पातं काढायचं. तुला नुसतं लाकूड ढकलायचंय. लय सोपं हाय."

मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी दोनदा चहा केला. मग धाकटे दीर त्यात पडले.

दीर आमच्यातच राहतात, अंबडला कंपनीत आहेत. मोबाइलवर परदेशी लोकांची टेबलं बघायचा त्यांना नाद. त्यांनी जेवताना ताटाशेजारी मोबाइल उभा करून यांना समजावलं. पात्याला समांतर एक सरळ खाच पाडायची, ती मायटरची. त्या खाचेत लाकडी गाडी पुढे-मागे सरकते, गाडीवर पट्टी धरून ढकलली की काटकोनात कापली जाते. दुसरी गोष्ट टी-ट्रॅक. ती अ‍ॅल्युमिनियमची पोकळ पट्टी, टेबलात आडवी बसवायची. तिच्यात बोल्टचं डोकं अडकतं, वरून आवळलं की लाकूड टेकवायची आडपट्टी हवी तिथे पक्की होते.

"दादा, दोन ट्रॅक टाकू. एकदम प्रोफेशनल."

"एक फळी शिकंज्यात धरली तरी भागतं."

"तुझं काय, तू विटेनेपण खिळा ठोकशील."

मी भाकरी वाढत होते. खाच कोणत्या बाजूला, हे मला विचारायचं होतं. दोघं ट्रॅकवरून भांडत राहिले आणि भाकऱ्या संपल्या.

शहरात द्वारका चौकाच्या बाजूला एका दुकानात आम्ही तिघं गेलो. मला मुद्दाम नेलं, का ते ठाऊक नाही. दुकानदाराने ट्रॅकचे तुकडे काउंटरवर मांडले, लाल, काळे, पांढरे.

"मशीन कोण चालवणार?"

"वहिनी," दीर म्हणाले.

"वहिनी? मग गुलाबी मूठ देऊ का बोल्टला?"

सगळे हसले. मीही हसले, कारण न हसता उभं राहणं जास्त अवघड होतं.

"खाचा किती पाडताय?"

"एकच," हे म्हणाले. "डावीकडं."

"बरोबर. सगळे डावीकडेच ठेवतात. डाव्या हाताने लाकूड धरायचं, उजव्याने ढकलायचं. उजवीकडे ट्रॅक टाका, आडपट्टी तिकडे."

मी डावरी आहे. जेवते उजव्या हाताने, लिहितेही उजव्याने, शाळेत तशी सवय लावली. पण विळी, कात्री, हातोडी माझ्या डाव्या हातात असते. हे यांनी लग्नापासून रोज पाहिलं आहे. शेडमध्ये माझ्या समोर बसून चहा पिताना पाहिलं आहे. मला वाटलं, आता हे म्हणतील, अरे, हिला उजवीकडे लागेल. हे बोल्ट निवडत होते. मी म्हणाले, "मला..." तेवढ्यात दुकानदाराने विचारलं, "ताई, पिशवी आणलीय का?" मी पिशवी पुढे केली.

टेबल होईपर्यंत रोज काहीतरी निघायचं. ट्रॅक एका मापाचा, बोल्ट दुसऱ्याच मापाचे, त्यांची डोकी आत जाईनात. हे ग्राइंडरवर एकेक डोकं घासत बसले. दीर म्हणायचे, "फिनिशिंग बघ." मी रोज ठरवायची, आज बोलायचं. पण डावीकडची खाच पहिल्याच दिवशी पाडून झाली होती. आता बोलले तर म्हणतील, एवढं पाडल्यावर? मग मीच स्वतःला सांगितलं, जमेल, सवय होईल.

नाही जमलं. गाडी पात्याच्या डावीकडे. डाव्या हाताने ढकलायला गेले की उभं राहायला जागा नाही, अंग वाकडं होतं, आणि उजवा हात पट्टी धरायला पात्याच्या जवळ जातो. उजव्या हाताने ढकललं की जोर एकसारखा लागत नाही, गाडी मध्येच अडखळते. ट्रॅकमध्ये भुसा भरायचा तो वेगळाच. बोल्ट हलेना झाला की मी केसांतला आकडा काढून तो कोरत बसायची. काम बारा मिनिटांचं, कोरणं तासाचं.

तरी मी एक पेटी पूर्ण केली. देवळ्याचं गिऱ्हाईक स्वतः न्यायला आलं, टेंपो बाहेर उभा करून. त्याने एक फ्रेम पेटीत टाकली, वर ओढली. फ्रेम अर्ध्यात अडकली. दुसरी घातली, तीही तिरकी बसली.

"दादा, ह्या कशा चालतील?" तो यांना म्हणाला. "माशा जिथं फट दिसंल तिथं चिकटवून टाकतात. मंग फ्रेम निघत नाय, ओढली तर निम्म्या माशा मरतात. तुमचा हात असा नव्हता."

"ह्या मी नाय कापल्या," हे म्हणाले. खरं तेच बोलले. पण मी तिथेच उभी होते.

पेटी तशीच ठेवून तो गेल्यावर हे दिरांसमोरच म्हणाले, "जाऊ दे. कापायचं मीच बघतो. तू आपले खिळे ठोक."

इतक्या दिवसांची वाट, आणि टेबल होऊन परत तोच रविवार. तेव्हा मात्र माझ्या तोंडून निघालं.

"मी डावरी आहे. खाच उजवीकडे पाहिजे होती."

दोघांनी आधी माझ्या हाताकडे, मग पात्याकडे बघितलं.

"मग आधी का नाय सांगितलं?" हे म्हणाले.

या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? तुम्ही विचारलं नाही म्हणावं, तर तेही खरं; मला तोंड होतं म्हणावं, तर तेही खरं. मी अडकलेली फ्रेम पेटीतून उपसू लागले.

"वहिनी, सोपं आहे," दीर म्हणाले. "टेबलाच्या पलीकडून उभ्या राहा. डावी बाजू उजवी होईल."

"येडा का तू?" हे ओरडले. "पलीकडून पातं उलटं येतं. लाकूड छातीत बसंल तिच्या."

"मग उजवीकडे दुसरी खाच पाड."

"तिथं तुझे ट्रॅक आडवे आहेत. खाच काय हवेतनं न्यायची?"

"ट्रॅक काढायचे नाहीत," दीर म्हणाले. "एवढं बसवलंय. त्यांना थोडी सवय होऊ दे ना."

यांनी मान हलवली. धड हो नाही, धड नाही नाही. विषय तिथेच सोडून दोघं जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी दोघं कामावर गेल्यावर मी शेडमध्ये गेले. पेचकस घेतला आणि ट्रॅकचा पहिला स्क्रू उलटा फिरवला. तो निघाला तेव्हा वाटलं, जसं काही मी दुसऱ्याच्या घरात आहे. स्क्रू घट्ट होते, दोन स्क्रूंची डोकी मी खराब केली. ते पटाशीने उचकटून काढावे लागले, टेबलाचा टवकाही गेला. दोन्ही ट्रॅक पुसून भिंतीला टेकवले. मग गुण्या, म्हणजे काटकोन बघायची पट्टी, लावून पात्याच्या उजवीकडे पेन्सिलने दोन रेघा ओढल्या. पुढचं खाच कोरायच्या मशीनचं, राऊटरचं काम मला येत नव्हतं, ते तसंच ठेवलं.

संध्याकाळी दीर आधी आले. शेडमध्ये डोकावले. "वहिनी, हे काय केलं?" त्यांचा आवाज रडवेला होता, मला वाईट वाटलं. पण मी म्हणाले, "खाच पाहिजे." एवढंच. ते आत गेले आणि त्या रात्री माझ्या हातचं वाढून घेतलं नाही, आपलं आपण घेतलं.

हे आले, रेघा बघितल्या, गुण्या लावून तपासल्या. "इथंच ना?" एवढं विचारून राऊटर लावला. मला उत्तर देता येईल असा पहिला प्रश्न यांनी विचारला होता, तोही सगळं फोडल्यावर.

टेबल आता वाईट दिसतं. ट्रॅकच्या जागी लाकडाच्या चिपा भरल्यात, त्यांचा रंग वेगळा आहे. आडपट्टी शिकंज्यात धरावी लागते आणि ती रोज थोडी सरकते, म्हणून दोन्ही टोकांना माप घ्यावं लागतं. दीर मित्रांना शेड दाखवत नाहीत. मधून मधून म्हणतात, "ट्रॅक असता तर माप एकदाच घ्यायचं होतं." बरोबर बोलतात, आणि म्हणूनच जास्त राग येतो. दोन्ही होऊ शकलं असतं. आधी खाच, मग ट्रॅक. एका दुपारचं काम होतं.

देवळ्याच्या पेटीच्या फ्रेमा मी पुन्हा कापल्या. गाडी डाव्या हाताने ढकलली की सरळ जाते, कुठे अडखळत नाही. चार पट्ट्या जोडून फ्रेम पेटीत सोडली, दोन बोटांनी वर काढली, पुन्हा सोडली. मग शेजारच्या गठ्ठ्यातली पुढची पट्टी घेतली.