चॉकलेटचा नैवेद्य

चॉकलेटमध्ये पाणी घालायचं नसतं, हे मला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी निपाणीत कळलं. ज्या बाईंकडून कळलं त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

आधी आम्ही तिथं का गेलतो ते सांगतो. माझी मुलगी सुप्रिया पुण्याची नोकरी सोडून हिंडलग्याला घरी आली ती तिची आई गेली तेव्हा. महिनाभर राहते म्हणाली आणि दोन वर्षं राहिली. मी तिला जा म्हणालो नाही आणि राहा असंही म्हणालो नाही. (असलं सगळं आमच्या घरात तिची आईच बोलायची.) मग एके दिवशी जेवताना ती म्हणाली, "आप्पा, मला चॉकलेट करायला शिकायचंय. आपल्या भागात कुणी शिकायला ठेवून घेतलं तर इथंच थांबते. नाहीतर एक तारखेला पुण्याला जाते. जुन्या ऑफिसनं परत बोलावलंय."

मी "बरं" म्हणालो आणि ताकात दुसऱ्यांदा मीठ घातलं.

घरी हातानं चॉकलेट करणाऱ्या तीन बायका तिनं शोधून काढल्या होत्या. तिघींकडं जायचं, चाखायचं आणि शिकवाल का विचारायचं, असा बेत होता.

"मी पण येतो," मी म्हणालो.

"तुम्ही येऊन काय करणार?"

"चाखीन की."

पहिल्या बाई वडगावच्या. विणायचा माग काढून टाकलेल्या खोलीत त्यांनी फ्रिज आणि टेबल मांडलं होतं, पण शेजारच्या घरातले पॉवरलूम चालू होते, त्यामुळं सगळं ओरडून बोलावं लागत होतं. त्यांनी काळं चॉकलेट हातावर ठेवलं. मी ते तोंडात टाकलं आणि जिवाच्या आकांतानं सांगितलं, "वैनी, साखर घालायची राहिली बघा!" नेमकी त्याच क्षणी शेजारची वीज गेली. माझं वाक्य शांततेत सगळ्या गल्लीनं ऐकलं.

"ते तसंच कडू असतंय," बाई म्हणाल्या. "आणि शिकवायला आमच्याकडं जागा न्हाय."

संकेश्वरला पोचेपर्यंत मी शहाणा झालतो. काहीही दिलं तरी कौतुक करायचं ठरवलं होतं. तिथल्या बाईंनी गावची मिरची घातलेलं चॉकलेट दिलं. कानातून वाफ निघायची बाकी होती, तरी मी म्हणालो, "लई भारी." त्या इतक्या खूश झाल्या की आणखी दोन दिली. मी तीही खाल्ली. मग मला उचकी लागली ती थांबेना. सुप्रिया शिकण्याचं विचारायला तोंड उघडायची आणि मी उचकायचो.

"ताई, अण्णांस्नी आधी घरी घेऊन जावा," बाई म्हणाल्या. "शिकायचं काय, पुढच्या वर्षी बघू."

बसमध्ये सुप्रिया माझ्यापासून दोन सीट सोडून बसली. आता एकच जागा उरली होती.

निपाणीच्या शोभाक्का आधी दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला होत्या. त्यांच्या टेबलावर वजनकाटा, थर्मामीटर आणि पुसून ठेवलेली भांडी. संध्याकाळी एका बारशाच्या घरी चॉकलेटच्या वड्या पोचवायच्या होत्या. "कर बघू," म्हणून त्यांनी किलोभर चॉकलेटचं पातेलं सुप्रियाच्या हवाली केलं. ती ढवळत होती, थर्मामीटर बघत होती, पुन्हा ढवळत होती. शोभाक्कांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "हात चांगला हाय गं तुझा." माझ्या छातीवरचं ओझं उतरलं.

मग दोघी माडीवरून साचे आणायला गेल्या. जाताना सुप्रिया म्हणाली, "आप्पा, कशाला हात लावू नका."

आता आमच्या घरची रीत अशी की नवा पदार्थ झाला की आधी देवाला दाखवायचा. वर तुळशीचं पान ठेवायचं, भोवती पाणी फिरवायचं, मग चाखायचं. हे तिची आई करायची, ती गेल्यापासून मी करतो. इथं तर लेकीच्या हातचं पहिलं चॉकलेट होतं. भिंतीवर देव होते, दारात तुळस होती, तांब्यात पाणी होतं. बायको असती तर तिनं हेच केलं असतं, असं मला मनापासून वाटलं. (ती असती तर तिनं आधी विचारलं असतं, हे नंतर सुचलं.)

पातेलं भिंतीला चिकटून होतं, भोवती पाणी फिरवायला जागा नव्हती. म्हणून वरूनच शिंपडलं. मागणं मोठं होतं म्हणून जरा सढळ हातानं. धुतलेलं तुळशीचं पान तसंच ओलं ठेवलं, डोळे मिटले आणि म्हणालो, "पोरीला इथं ठेवून घे रे बाबा."

डोळे उघडले तर तेलासारखं वाहणारं चॉकलेट गोळा होऊ लागलं होतं. मी घाबरून ढवळलं. मग तर त्याचा ओल्या मातीसारखा चिखल झाला आणि तुळस त्यात बुडाली.

दोघी खाली आल्या. शोभाक्कांनी पातेल्यात बघितलं. "पाणी कुणी घातलं?"

सुप्रियानं माझ्याकडं एकदा बघितलं. "माझ्याकडून पडलं, आक्का. चमचा ओला होता."

आणि मी गप्प राहिलो. फार वेळ नाही, दोन-चार श्वास. पण राहिलो, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

"ती खोटं बोलायलीय," मी म्हणालो. "मी घातलं. नैवेद्य दाखवला."

शोभाक्कांनी उलथनं वर उचललं. त्याला तुळशीचं पान चिकटलेलं होतं. "व्हय, दिसलं मला."

"मला काय बी म्हणा," मी म्हणालो, "पण हिला ठेवून घ्या. न्हायतर ही जातीय पुण्याला. ती जायला नको हाय मला."

सुप्रिया माझ्याकडं वळली. "हे घरी का नाही बोललात?"

"जमलं न्हाय."

तिनं डोळे पुसले, बाह्या सरसावल्या आणि विचारलं, "आक्का, क्रीम हाय का?" क्रीम गरम करून थोडं थोडं ओतत ती ढवळत राहिली. गुठळ्या विरल्या, पातेल्यात पुन्हा चकाकी आली. "वड्या न्हाय पडायच्या आता," ती म्हणाली. "पण लाडू वळता येतील." शोभाक्कांनी बारशाच्या घरी फोन करून विचारलं. लाडू चालतील म्हणाले.

"सोमवारपासनं ये," शोभाक्का म्हणाल्या. "रोजचं येणं-जाणं जमायचं न्हाय, वरच्या खोलीत राहा. शनिवारी घरी जात जा. आणि अण्णा, तुम्ही उंबऱ्याच्या आत यायचं न्हाय."

म्हणजे मुलगी घरी राहावी म्हणून एवढा आटापिटा केला आणि ती राहते निपाणीत. पण पुण्यापेक्षा निपाणी जवळ आहे.

दर शनिवारी मी तिला आणायला जातो. शोभाक्का दारातच उभ्या असतात. मी दोन्ही हात पुढं करून उलटेसुलटे दाखवतो. ते कोरडे आहेत याची खात्री झाली की त्या एक तुकडा देतात. गेल्या शनिवारी बसस्टँडपासून उन्हातनं चालत गेलतो. तळहाताला घाम होता. मला मिळाला नाही.