दिंडोरीत मी 'सर' म्हणून गेलो

सकाळी एसटीतून नाशिक रोडला उतरलो तेव्हा कोवळं ऊन पडलं होतं.

मी मूळचा किनवटकडचा. सातवीत शाळा सुटली, तेव्हापासून सांगलीकडच्या द्राक्षबागांत छाटणी करतो. फोनवर माझं छाटणीच्या व्हिडिओंचं पान आहे, 'द्राक्ष सल्लागार' नावाचं. व्हिडिओतली बाग मालकांची, इस्त्रीचा शर्टही त्यांचाच. लोक 'सर' म्हणू लागले, मी म्हणू दिलं. त्यातल्याच दिंडोरीच्या आप्पांनी बाग बघायला बोलावलं.

न्यायला त्यांची सून वैशालीताई आली होती. वाटेत तिने मिसळ खाऊ घातली. सांगलीकडं मिसळीबरोबर ब्रेड देतात, इथं पाव आणि वर भाजलेला पापड.

"सर, लय कमी खाता हो तुम्ही!"

घास उतरत होता कुठं?

दिंडोरीजवळ दोन्ही अंगांना बागाच बागा, मागे डोंगरांची निळी रांग. आप्पांच्या बागेत आठ-दहा शेतकरी जमलेले. गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) नुकतीच सुरू झाली होती. आप्पांनी एक डबा पुढे केला.

"सर, काडीवरचे डोळे फुटून कोंब यायची पेस्ट. पाण्यात किती घालू? तुम्ही सांगाल तेवढी."

मला माहीत नव्हतं. एखादा आकडा ठोकून दिला असता तर खपलाही असता. पण प्रमाण चुकलं की डोळे जळतात, आणि डोळे जळाले की या माणसाचा वर्षाचा माल गेला.

"आप्पा, मी सल्लागार नाही," मी म्हणालो. "सातवी शिकलोय. मजूर आहे, छाटणी करतो. पेस्टचं जाणकाराला विचारा."

एक म्हातारबाबा खदाखदा हसले. "घ्या आप्पा! अन् सराला आणायला गाडी धाडली!"

आप्पा म्हणाले, "मला ठाऊक व्हतं. व्हिडिओ संपता संपता हे खाली वाकून काड्या गोळा करत्यात. सल्लागार कधी काड्या उचलतो व्हय? पेस्टचं मुद्दाम विचारलं. आकडा सांगितला असता तर चहा पाजून वाटेला लावला असता. घ्या कात्री, छाटणी दाखवा."

दुपारपर्यंत छाटत होतो. बारीक काडीवर डोळे कमी का ठेवायचे, हे सगळ्यांत जास्त त्याच म्हातारबाबांनी विचारलं. मग आप्पांनी शेजारी बसवून बाजरीची भाकरी वाढली. तेव्हा मात्र पोटभर जेवलो. त्या घराचे उपकार विसरणार नाही.

परतीच्या एसटीत पानाचं नाव बदललं, 'छाटणीवाला'. थोड्याच वेळात नवं नाव बघून गावाकडून मामाचा फोन आला.

"नोकरी गेली का रे?"

"नाही मामा," म्हटलं, "पहिल्यापासून हीच होती."